सेक्टर शून्य आणि जुने पत्ते

जुन्या हार्डडिस्कवरची अख्खी विंडोज उचलायची आणि नव्या एसएसडीवर टाकायची, हा उद्योग सध्या बऱ्याच घरांत चाललाय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवा लॅपटॉप घ्यायचा नाही, आहे तोच अजून दोन वर्षं ओढायचा, म्हणून लोक एसएसडी घालतात. कॉपी करणारं सॉफ्टवेअर शंभर टक्के दाखवतं, आपण खूश होतो, मशीन चालू करतो आणि... काळा स्क्रीन. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीतली एक रुक्ष ओळ. बस्स.

मग नेहमीचा प्रकार सुरू होतो. मित्राला फोन, यूट्यूब, तिथे दिसलेल्या पाच कमांडा एकामागून एक मारणं, आणि शेवटी कोणीतरी म्हणतंच, "जाऊ दे रे, फॉरमॅट मार."

माझं म्हणणं असं की हे अंधारात दगड मारणं बहुतेक वेळा गरजेचं नसतं. अशा वेळी डेटा सहसा व्यवस्थित कॉपी झालेला असतो. अडलेला असतो तो पत्ता. आणि पत्ता कुठे अडला हे समजायला थोडा इतिहास माहीत असावा लागतो. कारण पीसीच्या चाळीसेक वर्षांत प्रत्येक पिढीने पत्ता वेगळ्या जागी, वेगळ्या पद्धतीने लिहून ठेवला, आणि आधीच्या पिढीचा पुसला मात्र नाही.

घर बदलण्यासारखंच आहे बघा. चिंचवडहून थेरगावला सामान आणायला एक टेम्पो आणि एक रविवार पुरतो. पण गॅसचं कनेक्शन, रेशनकार्ड, बँक, मतदारयादी, आधार... या प्रत्येक ठिकाणी जुना पत्ता तसाच बसलेला असतो आणि तो एकेक करून बदलावा लागतो. त्यात पत्त्यांची सवय लवकर सुटत नाही. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली १९७० साली आणि महापालिका झाली १९८२ साली. तरी आम्ही अजूनही लिहितो काय, तर 'थेरगाव, पुणे ३३'! पोस्टमनला कळतं, म्हणून चालतं. कॉम्प्युटरला मात्र अंदाज करता येत नाही. लिहिलेल्या जागी माणूस नसेल तर तो पत्र परत पाठवतो. काळ्या स्क्रीनवरची ती ओळ म्हणजे परत आलेलं पत्रच.

तर सुरुवातीपासून सुरू करू.

'बूट' हा शब्द आला बूटस्ट्रॅपवरून, म्हणजे स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलणं. अशक्य गोष्ट. कॉम्प्युटर चालू होतो तेव्हा त्याच्यापुढे हाच पेच असतो. डिस्क वाचायला प्रोग्रॅम हवा, आणि तो प्रोग्रॅम आहे डिस्कवर! मुंबईत टीआयएफआरमध्ये बांधलेला टिफ्रॅक १९६० साली सुरू झाला. त्या पिढीच्या यंत्रांना प्रोग्रॅम कागदी टेपवरून किंवा पंचकार्डांवरून भरवावा लागे. १९७५ च्या अल्टेअर ८८०० ला तर समोरच्या पट्टीवरचे स्विच एकेक करून वरखाली करत पहिला छोटा प्रोग्रॅम माणूस स्वतःच्या बोटांनी भरायचा. तेव्हा पत्त्याचा प्रश्न नव्हता, कारण पत्ता माणसाच्या डोक्यात होता.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने पीसी आणला. त्यात हा पहिला प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा बसवला होता. तोच बायॉस. बायॉसचं काम अगदी मर्यादित होतं: डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, मेमरीत उचलायचा आणि सूत्रं त्याच्या हातात द्यायची. पुढचं त्याने बघून घ्यावं. त्या पीसीत हार्डडिस्क नव्हतीच. फ्लॉपी घालायची आणि सुरू करायचं. फ्लॉपीवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम, तीही सुरुवातीलाच. शोधायचं काय?

भानगड सुरू झाली मार्च १९८३ मध्ये. आयबीएमच्या पीसी एक्सटीत १० एमबीची हार्डडिस्क आली आणि सोबत डॉसची दुसरी आवृत्ती. एवढ्या 'प्रचंड' जागेचे भाग पाडायची सोय हवी, म्हणून पहिल्या सेक्टरात एक नकाशा कोंबला गेला. ५१२ पैकी ४४६ बाइटांत प्रोग्रॅम, ६४ बाइटांत चार पार्टिशनांच्या नोंदी (प्रत्येकी १६ बाइट), आणि शेवटच्या दोन बाइटांत '५५ एए' ही खूण, म्हणजे सही-शिक्का. यालाच मास्टर बूट रेकॉर्ड किंवा एमबीआर म्हणतात. गावाचा सातबारा समजा. कुठला तुकडा कुठून सुरू होतो, केवढा आहे, आणि त्यातला 'चालू' कुठला.

या छोट्याशा प्रोग्रॅमकडे बोलायला जागाच नव्हती. त्याच्या मायक्रोसॉफ्टच्या अवतारात तीनच वाक्यं आहेत आणि ती तीन वेगवेगळे आजार सांगतात. 'इनव्हॅलिड पार्टिशन टेबल' म्हणजे नकाशातच घोळ, उदाहरणार्थ दोन तुकडे 'चालू' दाखवलेत. 'एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणजे नकाशा ठीक, पण सांगितलेल्या जागेवरून वाचता आलं नाही. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणजे तिथे गेलो, वाचलंही, पण ५५ एएचा शिक्काच नाही. थोडक्यात, चुकीच्या दारात उभा आहे. आपण तिन्ही वाक्यांचा अर्थ 'गेलं सगळं' असाच घेतो. वास्तविक तिसऱ्या वाक्यात डेटा जिवंत असण्याची शक्यता भरपूर असते.

चुकीच्या दारात जायचं एक जुनं कारण म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर. सुरुवातीला पत्ता या तीन आकड्यांत लिहायचे, थेट तबकडीच्या भूगोलावर. बायॉसला १०२४ सिलिंडरपुढे मोजता येत नव्हतं, डिस्कच्या आयडीई पद्धतीत १६ च हेड, ट्रॅकवर ६३ सेक्टर. गुणाकार केला की येतात ५२८ एमबी. नव्वदच्या दशकात डिस्का त्यापुढे गेल्या, तेव्हा बायॉसने खोटे आकडे सांगायला सुरुवात केली: सिलिंडर कमी दाखवायचे, हेड जास्त. ही युक्ती ८.४ जीबीपर्यंत पुरली. पण प्रत्येक बोर्डाची खोटं बोलायची तऱ्हा सारखी असेलच असं नाही. एका मशीनमधली चालती डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये लावली की तेच आकडे भलत्याच जागी न्यायचे. पुढे सरळ अनुक्रमांकाने सेक्टर मोजायची पद्धत रुळली आणि हा त्रास संपला. पण एमबीआरमध्ये अनुक्रमांकासाठी जागा ३२ बिटांचीच, म्हणून दोन टीबीच्या थोडं पुढे त्यालाही कुंपण.

आता जरा आपल्याकडे येऊ. पहिला सेक्टर किती महत्त्वाचा आहे हे भारतातल्या सामान्य पीसीवाल्याला कोणी शिकवलं असेल, तर व्हायरसांनी! जून १९९० मध्ये भारतात एक व्हायरस सापडला. त्याचं नाव चक्क 'जोशी'. ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला सांगायचं. टाइप केलं की मुकाट्याने पुढे. :) विनोदी वाटतो, पण आत तयारीचा होता. हार्डडिस्कचा पहिला सेक्टर स्वतः व्यापायचा, मूळचा उचलून जवळच्याच मोकळ्या सेक्टरात ठेवायचा, आणि कंट्रोल-आल्ट-डिलीट करून मशीन परत सुरू केलं तरी मेमरीतून जायचा नाही. मग १९९१ मध्ये मायकेलअँजेलो आला. तो ६ मार्चला डिस्कचा सुरुवातीचा भागच कचऱ्याने भरून टाकायचा. १९९२ च्या मार्चमध्ये जगभर त्याची बोंब झाली होती.

पुण्यात त्या काळात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले होते. दुकानात येणारी मशीनं व्हायरसने अडलेली असायची. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्याने ती साफ करायचे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्याला डॉसवरचं क्विक हील उभं राहिलं. कंपनीचं आधीचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस. २००७ मध्ये ती क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. आपण तिला अँटिव्हायरसची कंपनी म्हणून ओळखतो. मला ती दुरुस्तीच्या टेबलावरून आलेली कंपनी म्हणून जास्त आवडते. समोरचं मशीन का अडलंय, पहिल्या सेक्टरात नेमकं काय बसलंय, हा प्रश्न आधी आणि धंदा नंतर.

याच व्हायरसांमुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. पहिला सेक्टर संपल्यावर पहिलं पार्टिशन सुरू होईपर्यंत डिस्कवर ६२ सेक्टर रिकामे असायचे. कोणाच्याच नावावर नसलेली जागा, म्हणजे गायरानच म्हणा ना. तिथे व्हायरस राहिले. मोठी डिस्क जुन्या बायॉसला दाखवणारे प्रोग्रॅम राहिले. लिनक्सच्या ग्रबचा अर्धा संसार तिथे राहिला. काही महागड्या सॉफ्टवेअरांनी लायसन्सच्या खुणाही तिथेच पुरून ठेवल्या. आणि फक्त पार्टिशन उचलणारं कॉपी सॉफ्टवेअर हे गायरान मागेच सोडून येतं! सगळ्या फाइली जशाच्या तशा, तरी ग्रब अर्ध्यावर थांबतो किंवा लायसन्स गेल्याचा निरोप येतो, त्याचं कारण हे.

लिनक्सचा विषय निघालाच आहे तर लिलोबद्दल सांगायला हवं. वेर्नर आल्म्सबर्गरने लिहिलेला हा जुना बूट लोडर. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबरच्या सीडीवरून ज्यांनी लिनक्स टाकलं त्या पिढीला तो चांगला आठवत असेल. लिलोला फाइल हा प्रकारच कळायचा नाही. कर्नल डिस्कवर कुठल्या कुठल्या सेक्टरांत आहे याची यादी तो आधीच करून ठेवायचा आणि चालू होताना डोळे मिटून त्या यादीप्रमाणे वाचायचा. डिस्क बदलली की यादी फुकट. पण लिलोचा एक गुण मला फार आवडतो. चालू होताना तो स्वतःचं नाव एकेक अक्षराने लिहायचा, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी पार. 'एल आय' लिहून थांबला तर समजायचं की दुसऱ्या टप्प्याचा प्रोग्रॅम सापडला, पण चालवता येत नाही. बहुधा भूगोल जुळत नाही, किंवा फाइल हलवल्यावर यादी नव्याने केलेली नाही. चार अक्षरांत निदान! आजच्या फिरणाऱ्या ठिपक्यांत ही माहिती कुठे मिळते?

एरिक बोलिनचा ग्रब १९९५ चा. तो फाइल सिस्टिम वाचू शकायचा, म्हणून यादीची गरज संपली. पण जुना ग्रब डिस्क ओळखायचा क्रमांकाने, पहिली, दुसरी, अशी. लिनक्समध्येही डिस्कांची नावं जोडणीच्या क्रमावर ठरायची, आणि २००७ च्या सुमारास तर कर्नलच्या बदलाने आयडीई डिस्कांच्या नावातलं 'एचडी' जाऊन 'एसडी' झालं. म्हणून मग प्रत्येक पार्टिशनवर लिहिलेला लांबलचक ओळखक्रमांक, यूयूआयडी, वापरायची चाल पडली. आता डिस्क कुठेही लावा, नाव तेच. छान झालं. फक्त हुबेहूब कॉपी केली की एकाच नावाची दोन माणसं एकाच घरात. कुठलं उघडेल ते नशीब! आणि कॉपी न करता नव्याने पार्टिशन बनवून फाइली टाकल्या, तर क्रमांक नवा आणि ग्रबच्या वहीत जुना. 'ग्रब रेस्क्यू' ही पाटी बहुतेकदा तेव्हा येते.

विंडोजची कथा समांतर चालते. एनटी १९९३ मध्ये आली, तिच्या बूट.आयएनआय फाइलमध्ये पत्ता होता 'अमुक कंट्रोलर, अमुक डिस्क, अमुक पार्टिशन'. म्हणजे परत मोजदादच. शिवाय एनटीने पहिल्या सेक्टरातल्या प्रोग्रॅमच्या ४४६ पैकी चार बाइट स्वतःसाठी घेतले आणि तिथे डिस्कची सही ठेवली. कुठल्या सहीच्या डिस्कवरचं कुठलं पार्टिशन 'सी' आणि कुठलं 'डी', हे रजिस्ट्रीत लिहिलेलं असतं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, कारण यावरच मला एकदा पूर्ण शनिवार द्यावा लागला.

आमच्या भागात एका काकांचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांच्याकडे वायरकट मशीन आहे, आणि त्याचा पीसी अजून विंडोज एक्सपीवर चालतो. हसू नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला हे त्यांनाही माहीत आहे. पण मशीनचं कार्ड त्या जुन्या बोर्डावरच बसतं, सॉफ्टवेअरचं डोंगल मागच्या प्रिंटर पोर्टला लागतं, आणि ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांनी धंदा बंद करून वर्षं झाली. सेटअपची सीडी नाही. मशीनचे सगळे पॅरामीटर त्या ४० जीबीच्या आयडीई डिस्कवर. आणि ती डिस्क आता टकटक आवाज करू लागली होती. एका दुरुस्तीवाल्याने कॉपी करून दिली, शंभर टक्के. पण नव्या डिस्कवरून एक्सपी वेलकमपर्यंत यायची, नावावर क्लिक केलं की क्षणभर आत जायची आणि परत बाहेर. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल.

"अरे, तू आयटीतला ना? बघ जरा," काका म्हणाले. "दोन दिवस मशीन उभंय. डायचा जॉब आहे, पार्टी रोज फोन करतीय."

आता या माणसाला 'नवा पीसी घ्या' सांगणं सोपं आहे. पण फॉरमॅट म्हणजे इथे पॅरामीटर गेले, आणि पॅरामीटर गेले म्हणजे काही लाखांचं मशीन भंगार. मी फक्त एवढंच पाहिलं की गाडी कुठपर्यंत येते. बायॉसला डिस्क दिसते. एमबीआर चालतो. बूट.आयएनआय बरोबर. ड्रायव्हर बरोबर, कारण एक्सपी पूर्ण उठते. म्हणजे घोळ त्यानंतरचा. मग विचारलं, "काका, नवी डिस्क पहिल्यांदा चालू केली तेव्हा जुनी काढली होती का?" नव्हती. दोन्ही लावूनच चालू केलं होतं.

मग उलगडलं. नवी एक्सपी पहिल्यांदा उठली तेव्हा तिला दोन डिस्का दिसल्या. 'सी' हे अक्षर जुन्या डिस्कच्या नावावर आधीच लागलेलं होतं, म्हणून तिने स्वतःच्या पार्टिशनला दुसरं अक्षर दिलं आणि ते रजिस्ट्रीत लिहून टाकलं. मग जुनी काढली. आता लॉगिनचा प्रोग्रॅम शोधतोय 'सी'वर आणि 'सी' नावाचं घरच नाही. यावरचा उपाय विंडोज ९८ च्या जमान्यातला आहे. तेव्हा लोक बूट फ्लॉपीवरून 'एफडिस्क /एमबीआर' मारायचे. त्याने पहिल्या सेक्टरातला प्रोग्रॅम नवा व्हायचा आणि जाता जाता त्या चार बाइटांची सहीही पुसली जायची. सही नाही म्हटल्यावर एक्सपी डिस्कला नवीन समजते, अक्षरं नव्याने वाटते, आणि जिथून स्वतः उठली त्याला 'सी' देते. मी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून, आधी पहिल्या सेक्टरची प्रत ठेवून, तेवढे चार बाइट शून्य केले. जुनी डिस्क बाहेर. मशीन उठलं, पॅरामीटर जागेवर. संध्याकाळी वायर चालू झाली.

यात माझी काही हुशारी नाही. हा उपाय पंचवीस वर्षांपूर्वीच्या लोकांना पाठ होता. आता तो माहीत असणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि त्या काळातली मशीनं मात्र थेरगाव, भोसरी, तळवडे, चाकणच्या शेडांमधून अजून माल काढतायत.

एक्सपीचे आणखी दोन ठरलेले अडथळे सांगून पुढे जातो. विंडोजचा लोगो येऊन निळा स्क्रीन आणि 'स्टॉप ७बी', म्हणजे 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. याचा अर्थ पत्ता बरोबर आहे, पण तिथे जायचा रस्ता माहीत नाही. डिस्कच्या नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. एएचसीआय आलं २००४ मध्ये, एक्सपी २००१ ची. तिच्याकडे तो ड्रायव्हर मुळातच नव्हता. बायॉसमध्ये साटाची पद्धत 'आयडीई' केली की सुटतं. बोर्डावरची बटण-बॅटरी संपली की हे सेटिंग आपोआप मूळ पदावर जातं, आणि डिस्क न बदलताही एका सकाळी निळा स्क्रीन येतो. तेव्हा आधी पंचवीस-तीस रुपयांचा सेल बदलून बघा.

दुसरा अडथळा 'अ डिस्क रीड एरर ऑकर्ड'. ऐकायला डिस्क खराब झाल्यासारखं वाटतं. पण पार्टिशनच्या स्वतःच्या बूट सेक्टरात 'मी डिस्कच्या सुरुवातीपासून किती सेक्टर लांब आहे' हा आकडा लिहिलेला असतो. जुन्या डिस्कवर तो ६३. व्हिस्टापासून पार्टिशन २०४८ व्या सेक्टरापासून सुरू होतं, आणि एसएसडीसाठी तेच योग्य. कॉपी सॉफ्टवेअरने पार्टिशन २०४८ वर सरकवलं पण आतला आकडा ६३ च ठेवला, तर हीच पाटी येते. डिस्क ठणठणीत असते.

२००७ मध्ये व्हिस्टा आली आणि बूट.आयएनआयच्या जागी बीसीडी नावाची छोटी डेटाबेस आली. यात पत्ता मोजदादीने नाही, डिस्कच्या सहीने लिहितात. सही जुळली नाही की शेवटी 'ई' असलेला तो प्रसिद्ध सी-शून्य-शून्य-शून्यवाला कोड येतो: आवश्यक डिव्हाइस सापडत नाही. दोन डिस्का लावून ठेवल्या आणि सही सारखी निघाली, तर विंडोज एकीला ऑफलाइन करते, किंवा सही बदलते. बदललेली जर नवी डिस्क असेल तर बीसीडीतला पत्ता तिथल्या तिथे शिळा. विंडोज ७ पासून मिळणारी बीसीडीबूट ही कमांड बूटच्या फाइली आणि पत्ता नव्याने मांडून देते. अशा वेळी बहुधा ती एकच पुरते.

शेवटचा थर यूईएफआयचा. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या शेवटी इटॅनियमसाठी ईएफआय काढलं, २००५ मध्ये ते यूईएफआय फोरमकडे गेलं, आणि २०१२ च्या विंडोज ८ बरोबर ते घराघरातल्या लॅपटॉपात आलं. यात पहिल्या सेक्टरातल्या ४४६ बाइटांची कसरत संपली. जीपीटी नावाचा मोठा नकाशा आला, त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी, आणि बूट लोडर एका छोट्या फॅट पार्टिशनवर साध्या फाइलसारखा ठेवतात. सुटसुटीत.

पण एक मोठा बदल झाला, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. पत्त्याचा एक भाग डिस्कवरून उठून मदरबोर्डच्या मेमरीत गेला. 'विंडोज बूट मॅनेजर, अमुक ओळखक्रमांकाच्या पार्टिशनवर' ही नोंद बोर्डात असते. म्हणून डिस्क अगदी बरोबर असूनही दुसऱ्या लॅपटॉपात लावली की 'नो बूटेबल डिव्हाइस' येऊ शकतं. नोंद नसली तर यूईएफआय एका ठरलेल्या फोल्डरात, ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. ती असली तर गाडी निघते. शिवाय जुनी एमबीआर डिस्क नुसत्या यूईएफआयवाल्या बोर्डावर उठत नाही, आणि अनेक नव्या बोर्डांत जुनी पद्धत उरलेलीच नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर टू जीपीटी हे साधन आहे, ते फाइली न पुसता नकाशा बदलतं. एनव्हीएमई २०११ चं, त्यामुळे त्याआधीच्या बोर्डाला अशी एसएसडी अ‍ॅडॉप्टरवर लावली तरी तिच्यावरून बूट होत नाही. आणि बिटलॉकर चालू असेल तर कॉपी करायच्या आधी तो थांबवा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. तिथे पत्त्याबरोबर कुलूपही आहे, आणि किल्लीचा अर्धा भाग बोर्डात.

तर सगळ्याचं सार काय? मशीन जिथवर आलं, तिथवरचे सगळे पत्ते बरोबर आहेत. बायॉसच म्हणतोय डिस्क नाही, तर केबल, बूटची पद्धत आणि बोर्डातली नोंद बघा. एनटीएलडीआर, बूटएमजीआर किंवा ग्रबची पाटी आली, तर पहिला टप्पा सापडलाय, दुसऱ्याचा पत्ता शिळा आहे. लोगोनंतर निळा स्क्रीन आला तर ड्रायव्हर. लॉगिनपर्यंत येऊन परत फिरलं तर अक्षर. पाटी कुठल्या काळातली आहे हे ओळखलं की कमांड एकच लागते. पाच कमांडा मारल्या तर पाच थर बदलतात आणि मूळ दुखणं कुठलं होतं हेच कळेनासं होतं.

आणि तीन नियम, जे या चाळीस वर्षांत बदलले नाहीत. नवी डिस्क पहिल्यांदा चालू करताना जुनी बाहेर काढा. नवी व्यवस्थित उठेपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नका. आणि काम सुरू करायच्या आधी बायॉसच्या सगळ्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तुमच्या ओळखीत कोणाचं वर्कशॉप असेल, प्रेस असेल, लॅब असेल, जिथे कोपऱ्यातला एक पिवळट पीसी वर्षानुवर्षं मुकाट्याने चालतोय, तर एका शनिवारी जाऊन त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत काढून द्या. अख्ख्या डिस्कची, गायरानासकट. आणि ती प्रत लावून मशीन उठतं का हेही तिथेच बघून घ्या. डिस्क टकटक करायला लागल्यावर ते बघायला वेळ मिळत नाही.